आवड आणि सवड



मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात पुस्तकांचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येते: “वाचायला खूप आवडायचं हो, पण इथे सवडच मिळत नाही!” यात खोटे काही नाही. आठवडाभर नोकरी आणि ड्रायव्हिंग, शनिवारी ग्रोसरी आणि लाँड्री, रविवारी मुलांचे क्लास. मग गाणे, सिनेमा, पुस्तक हे सगळे आपण निवृत्तीनंतरच्या खात्यावर जमा करून टाकतो.

पण आपल्याकडे कला कधी सवडीची वाट पाहात बसली नाही. बहिणाबाई चौधरींचेच घ्या. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्म. अक्षरओळख नाही, लवकर आलेले वैधव्य, शेत आणि घर दोन्हींचे ओझे. गाणी सुचली ती त्या कामातच. घरच्या शिकलेल्या मंडळींनी ती उतरवून घेतली आणि बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचे पुस्तक निघाले.

जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे दळता दळता बायकांनी गायिलेल्या! दळण पायलीनेही कमी झाले नसेल. पण जड जाते ओढायला सूर मिळाला.

आम्हा केमिस्ट मंडळींना हे लगेच पटते. फ्लास्क एकदा रिफ्लक्सला लावला, की पुढचे काही तास अधूनमधून नजर टाकायची, एवढेच काम. असा ‘उकळत ठेवलेला’ वेळ प्रत्येकाच्या दिवसात असतो. कुकरच्या तीन शिट्ट्या, ड्रायरची चाळीस मिनिटे, मुलांच्या पोहण्याच्या क्लासबाहेरचा बाक. पु. लं.चा एखादा लेख त्यात सहज मावतो. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गौरवलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ एका बैठकीत होत नसेल, तर जेवणानंतर रोज अर्धा तास पाहा, चार-पाच रात्रींत होतो. त्यातली जिजाई करवादू लागली, की आपल्याच स्वयंपाकघरातले कुणीतरी आठवते!

यात आमचा एक स्वार्थही आहे. आपल्या मुलांच्या कानावर मराठी पडते ती बहुधा हुकमाची: ‘जेव’, ‘आवर’, ‘झोप आता’. अशा भाषेवर त्यांचा जीव कसा जडावा? पण आई ओट्यापाशी पुस्तक वाचता वाचता एकटीच खुदकन हसली, तर ‘काय गं, काय झालं?’ असे मूल विचारतेच. मग तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. मराठीत हसताही येते, हे मुलांना कळायला तेवढे पुरते.

पुढच्या कार्यक्रमाला मंडळाच्या कपाटातली पुस्तके चहाच्या टेबलाशेजारी मांडणार आहोत. जाताना एक उचला, वहीत नाव लिहा. परत करायची घाई नाही. फक्त बेसमेंटमध्ये ठेवू नका, कुकरशेजारी ठेवा.