पेंढ्याचाही हिशोब मांडा



दिवाळीनंतर वडगावहून लोणावळ्याकडे जा. मावळात भात झोडून झालेले असते. खळ्यावर एकीकडे दाणा, दुसरीकडे पेंढा. वडगाव मावळच्या केंद्राने १९८७ साली दिलेल्या इंद्रायणीचा भाव सर्वांना पाठ असतो. पेंढ्याचा भाव कोण विचारतो?

आपण ज्वारीवाले तरी कुठे शहाणे? मालदांडी पेरतो ती दाण्याइतकीच कडब्यासाठी. हमीभावाचा खर्च मांडताना सरकार कडब्याची किंमत धरून खर्चाचा तेवढा वाटा दाण्यावरून कमी करते. सरकारच्या वहीत कडब्याला मोल आहे, आपल्या वहीत नाही!

इकडे दावणीचा खर्च वाढला. २०१५ च्या कायद्याने गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेल्या बैलाचे गिऱ्हाईक गेले, त्याचे खाणे मात्र राहिले. म्हशी-रेड्यांना ही बंदी नाही. म्हणजे मांसासाठी वाढवता येईल असे मोठे जनावर उरले ते रेडा. आणि रेडकू जन्मले की आपण काय करतो? त्याचे दूध तोडतो, ते खंगून मरते. जाडाभरडा चारा पचवण्यात म्हशीची जात तरबेज. ते रेडकू जगवले तर पेंढ्या-कडब्याचेच पैसे होतील.

पण नुसत्या पेंढ्यावर अंग भरत नाही. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा, प्लास्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवा. पेंढा मऊ पडतो, त्यातील प्रथिनांचा अंश वाढतो. उघडल्यावर उग्र वास जाऊ द्या, मग थोडा थोडा वाढवत घाला. सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नका. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागले तर ते दगावेल.

कडब्याची कुट्टी करा, नासाडी थांबते. जोडीला सरकी पेंड बेताने द्या. लहान वासरांना ती नको. पऱ्हाटी म्हणजे लाकूडच, ती चारा नव्हे. पण शेवटच्या वेचणीनंतर, फवारणीला बरेच दिवस झाले असतील तर, शेतात जनावरे सोडा. पाला आणि उरलेली बोंडे ती खातात, बोंडअळीचा आसराही मोडतो.

पुढच्या बैठकीला येताना एवढेच लिहून आणा: घरी कडबा किती, खाणारी तोंडे किती, तो पुरणार किती दिवस. आपल्या मालाची किंमत आपणच मांडली नाही, तर ती दुसऱ्याने का द्यावी?