आम्ही फक्त जहाज बांधलं!

आमच्या धंद्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य कुठलं? "रिक्वायरमेंट क्लायंटची, आपण फक्त डिलिव्हर करायचं." मीही ते शंभरदा म्हटलंय. पण हे वाक्य कॉम्प्युटरपेक्षा जुनं आहे राव!

जॉन लेअर्डचंच घ्या. इंग्लंडात बर्कनहेडला लोखंडी जहाजं बांधणारा मोठा असामी. अफूच्या युद्धात चीनवर गेलेली ईस्ट इंडिया कंपनीची 'नेमेसिस' (१८३९) त्याच्याच यार्डातली. १८६१ साली साहेबांनी धंदा मुलांवर सोपवला आणि स्वतः पार्लमेंटात जाऊन बसले. इकडे यार्डात '२९०' नंबरचं जहाज तयार होत होतं. गिऱ्हाईक कोण, तर गुलामगिरी टिकवायला लढणारी अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं.

कायदा म्हणे, दुसऱ्यांच्या युद्धासाठी जहाज शस्त्रसज्ज करायचं नाही. ठीक आहे, तोफा बसवल्याच नाहीत! २९ जुलै १८६२ ला पाहुणे घेऊन जहाज 'ट्रायल'ला निघालं, पाहुण्यांना टगबोटीतून परत धाडलं आणि पसार झालं. तोफा चढल्या अझोर्स बेटांपाशी. हीच ती 'अलाबामा'. दोन वर्षांत तिने उत्तरेची साठाहून जास्त जहाजं धरली, बहुतेक जाळली.

मार्च १८६३ मध्ये लेअर्ड पार्लमेंटात उभा राहिला. पश्चात्ताप? छे! सगळा व्यवहार कायदेशीर होता, म्हणाला. १८७२ ला जिनिव्हाच्या लवादाने दीड कोटीच्या वर डॉलर्स भरपाई ठोकली. भरली कुणी? ब्रिटिश सरकारने. लेअर्डचा मात्र बर्कनहेडच्या हॅमिल्टन स्क्वेअरमध्ये पुतळा आहे.

आता कुणी म्हणेल, त्याने नाही तर दुसऱ्याने बांधलं असतं. असेलही. पण मग तेच लॉजिक लावून चांगल्या कामाचं श्रेयही सोडा ना! अप्रेझलला "हे मी बनवलं" आणि गळ्याशी आलं की "मी फक्त बनवलं", असं कसं चालेल?

हे सगळं आज का उकरतोय? मागे एका क्लायंटसाठी मी एक मॉड्यूल लिहिलं. कॉल सेंटरमधली पोरं खुर्चीवरून किती मिनिटं उठली, ते मोजणारं. करारात बसत होतं, टेस्टिंगमध्ये एकही बग नाही. नंतर कळलं, त्या आकड्यांवर पगार कापतात. बाथरूमला गेल्याचे!

मी विचारलं असतं तर ते थांबलं असतं का? माहीत नाही. पण "हे कशासाठी?" एवढे दोन शब्द मीटिंगमध्ये माझ्या तोंडून निघाले नाहीत, आणि त्याला क्लायंट जबाबदार नाही.