टोपीखालचा फोटो

मुरुडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मागे टाकून दापोलीच्या बाजूला चढू लागलं की पावसाळ्यात झाडीतल्या वारुळांभोवती पांढरी अळंबी उगवलेली दिसते. हल्ली तिचे फोटो पुष्कळ निघतात, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण बहुतेक फोटो वरून, फक्त टोपीचे असतात. त्यावरून ओळख पटत नाही. टोपीखालच्या पात्या, देठावरचं कडं आणि बुंधा दिसायलाच हवा. वारुळावरची ही अळंबी टर्मिटोमायसिस प्रजातीतली. तिचा देठ मुळासारखा निमुळता होत खोल जातो, थेट वाळवीने पालापाचोळा चावून जोपासलेल्या बुरशीच्या मळ्यापर्यंत. वाळवीशी असलेल्या या नात्यामुळेच तिची व्यापारी लागवड अजून साधलेली नाही. एखादीच अळंबी अलगद उकरून तो देठ टिपावा, बाकीच्या राहू द्याव्यात. गवतात उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस मात्र विषारी. कोवळेपणी तिच्याही पात्या पांढऱ्याच असतात, त्यामुळे नुसता फोटो इथे घात करतो. टोपी कापून पात्या खाली करून कागदावर रात्रभर झाकून ठेवली, तर सकाळी बीजाणूंचा ठसा उमटतो: टर्मिटोमायसिसचा फिकट गुलाबीसर, क्लोरोफायलमचा हिरवट. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा घ्यावा, म्हणजे फिकट ठसाही लपत नाही. या ठशाचाही फोटो हवाच. आणि एवढं जुळलं तरी, लहानपणापासून अळंबी खुडत आलेल्या गावातल्या जाणत्या बाईला दाखवल्याखेरीज ती चुलीवर चढवू नये.