अंगणात अमलतास लावा

अंगणात फुलांचे झाड लावायचे म्हटले की आपण गुलमोहराचे रोप आणतो. तो सुंदर दिसतो, यात वाद नाही. पण तो मूळचा मादागास्कर बेटावरचा. त्याची मुळे जमिनीत वरवर पसरतात आणि फांद्या ठिसूळ असतात. वळवाच्या वादळात फांदी मोडली, तर ती आपल्याच टिनांवर पडणार!

माझ्या मते बाळापूरच्या अंगणात बहावा हवा. घरी तुम्ही त्याला अमलतास म्हणता. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा अनेकदा ४५ अंशांपर्यंत चढतो, काळ्या मातीला भेगा पडतात आणि नेमका तेव्हाच तो पिवळ्या घोसांनी लगडतो. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प खरे. पण त्या झाडाला ओलावा लागतो.

बहाव्याची हातभर लांब, वाळलेली शेंग फोडा. आतला गर मात्र चाखू नका. हकीम तो जुलाबासाठी देतात. बी फार टणक असते. ते दगडावर थोडे घासा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. रोप भिंतीपासून दूर, पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा.

पहिले दोन उन्हाळे त्याला जपावे लागते. "प्यायलाच पाणी पुरत नाही, झाडाला कुठून घालणार?" असे घरचे विचारतील. वजूचे आणि भाजी धुतलेले पाणी मोरीत वाहून जाते, तेच घाला. फुले यायला काही वर्षे लागतील. तोपर्यंत तुमची दहावी झालेली असेल, तरी लावा.