शेवटच्या पाळीचे पाणी

पहाटे साडेपाचला सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्यावर पोरे धावत असतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. पोलीस, राखीव दल, लष्कर. जिथली जाहिरात निघेल तिथे अर्ज टाकायचा आणि तोवर धावायचे. मी कडेला हातात घड्याळ घेऊन उभा असतो. इतक्या दिवसांत माझे एक मत पक्के झाले आहे. ही मुले दमाने नव्हे, हिशेबाने मार खातात.

पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते. ५ मिनिटे १० सेकंदांत संपवले तर २० पैकी २० गुण. म्हणजे ४०० मीटरची एक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत. एवढा साधा भागाकार. पण तो किती जणांनी केलेला असतो? शिट्टी वाजली की सारे उधळतात. एका पोराच्या फेऱ्या मी टिपून ठेवल्या : ६४, ७६, ९१, ८६. बेरीज ५ मिनिटे १७ सेकंद. पहिल्या फेरीत कमावलेले तेरा सेकंद तिसऱ्या फेरीने व्याजासकट वसूल केले. पुढे तीन आठवडे त्याला फक्त पहिली फेरी आवरायला लावली. तेव्हा आकडे आले : ७७, ७८, ७८, ७४. पाच मिनिटे सात सेकंद! तीन आठवड्यांत छाती वाढत नाही, अक्कल मात्र येऊ शकते.

कारण सोपे आहे. सुरुवातीचे काही सेकंद स्नायूंतल्या तयार शिदोरीवर निघतात. श्वासाने येणारा प्राणवायू पुरेपूर मिळू लागायला मिनिट-दीड मिनिट जाते. त्याआधी जो उधळतो, तो उधारीवर धावतो. शंभर मीटरला ही उधारी चालते. सोळाशेला ती वाटेतच फेडावी लागते.

हे काही नवे नाही. ६ मे १९५४ रोजी रॉजर बॅनिस्टरने मैलाची शर्यत प्रथमच चार मिनिटांच्या आत संपवली. मैल म्हणजे आपल्या सोळाशेपेक्षा नऊ मीटर जास्त. पुढे वेग धरून धावणाऱ्या ब्रॅशरला तो सुरुवातीला 'आणखी जोरात' म्हणून ओरडला होता. ब्रॅशरने ऐकले नाही, ठरलेला वेग सोडला नाही. वेळ लागली ३ मिनिटे ५९.४ सेकंद.

कुणी म्हणेल, आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ साली हांगझोला आशियाई सुवर्णपदक जिंकला, तो पहिल्यापासून पुढेच होता की! होता. पण त्याला स्वतःचे माप ठाऊक होते. संथ धावा, असे माझे म्हणणे नाहीच. आपले माप ओळखा, एवढेच आहे.

आमच्याकडे शिकवणारे मात्र मैदानाच्या कडेला उभे राहून 'पळ, पळ' एवढेच ओरडतात. दमून पडला की 'जिगर नाही' असा शिक्का. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात उमेदवारांचे जीव गेले. तिथे उन्हाचा आणि व्यवस्थेचा प्रश्न होता. नुसत्या हिशेबाने ते वाचले असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण कुठे सैल सोडायचे, कुठे थांबायचे हे ज्याला कुणी कधी शिकवलेच नाही, त्याला आपण कशाच्या भरवशावर उन्हात उभे करतो?

गंमत म्हणजे या पोरांचे बाप हा हिशेब पिढीजात जाणतात. येलदरीतून पाणी सुटते, सिद्धेश्वरात येते, तिथून कालव्याला पाळ्या मिळतात. पहिल्याच पाळीला सारे पाणी सोडले तर गहू ओंबीवर येताना वाळतो, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही.

बापाने रानात जपलेले शहाणपण पोराने रस्त्यावर का सांडावे? शेवटची फेरी हीच शेवटची पाळी. तिच्यासाठी पाणी राखून ठेवायला शिकवणे, हे आपले काम आहे.