धुराड्यातील वायू आणि वाफेचा हिशेब

कारखान्यांच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड रासायनिक द्रावणात शोषून घ्यावयाचा व जमिनीखाली कायमचा साठवावयाचा, म्हणजे कोळसाही जाळता येईल आणि हवामानही राखता येईल, असा आशावाद अलीकडे वारंवार व्यक्त होतो. भारताने 2021 साली ग्लासगो येथे 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी नीती आयोगाने या तंत्रासाठी धोरणाचा आराखडा मांडला. उद्दिष्टाविषयी वाद नाही. परंतु या तंत्राचा खर्च नेमका कोठे होतो आणि तो कोणाच्या माथी बसणार, याची चर्चा मात्र पुरेशी झालेली नाही.

यामागील रसायनशास्त्र जुनेच आहे. अमाईन वर्गातील द्रव्यांनी वायू शुद्ध करण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट 1930 सालचे आहे. मोनोइथेनॉलअमाईनचे पाण्यातील द्रावण सुमारे 40 अंश सेल्सियसला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि 120 अंशांच्या आसपास तापविले की तो सोडून देते. मोकळे झालेले द्रावण पुन्हा कामास येते. खरी अडचण आहे ती या तापविण्यात. एक टन वायू सोडविण्यास साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे मध्यम प्रतीचा दोनशे किलोंहून अधिक भारतीय कोळसा केवळ त्यासाठी जाळावा लागतो. नव्या द्रावणांनी ही गरज कमी केली आहे, पण संपविलेली नाही. औष्णिक केंद्रात ही वाफ टर्बाइनकडे जाणाऱ्या वाफेतूनच काढून घ्यावी लागते आणि तितकी वीज घटते. ही घट निर्मितीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत जाऊ शकते.

परदेशांतील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. कॅनडातील बाउंडरी डॅम येथील कोळशाच्या संचावर 2014 साली असा प्रकल्प सुरू झाला. वर्षाला दहा लाख टन वायू पकडण्याची त्याची मूळ क्षमता पहिल्या दहा वर्षांत एकदाही पूर्णपणे गाठली गेली नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील पेट्रा नोव्हा प्रकल्प 2017 च्या आरंभी सुरू झाला. तेथील वायू जुन्या तेलविहिरींत सोडून अधिक तेल काढले जाई. 2020 मध्ये तेलाचे भाव कोसळताच प्रकल्प बंद पडला आणि 2023 साली पुन्हा सुरू झाला. द्रावणाचे काम चालू राहणार की नाही, हे तेलाच्या बाजाराने ठरविले.

याउलट नॉर्वेमधील ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात 2025 साली सुरू झालेला प्रकल्प वर्षाला चार लाख टन, म्हणजे कारखान्याच्या उत्सर्जनाचा सुमारे निम्मा भाग, पकडण्यासाठी उभारला आहे. कारखान्याची वाया जाणारी उष्णता जेवढी पुरते, तेवढाच हा आकार ठेवण्यात आला. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला, हेही विसरता येत नाही. तरीही येथे सार्वजनिक पैसा योग्य ठिकाणी पडला, असे म्हणावे लागेल. विजेला सूर्य आणि वारा असे पर्याय आहेत. चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघणाऱ्या वायूला मात्र इंधन बदलून आळा घालता येत नाही, आणि सिमेंटच्या उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा याच वायूचा असतो.

भारतात तुतिकोरिन येथे 2016 मध्ये कोळशाच्या बॉयलरमधील वायू पकडून सोडा तयार करण्याचा उद्योग अनुदानाविना उभा राहिला. त्याची क्षमता वर्षाला 60 हजार टनांची होती. वायू हाच तेथे कच्चा माल असल्याने हिशेब जमला. तथापि सोड्याची बाजारपेठ मर्यादित आहे, आणि काचेच्या भट्टीत गेलेल्या सोड्यातील वायू पुन्हा हवेतच मिसळतो.

यातून धोरणाची दिशा स्पष्ट होते. युरोपीय संघाची कार्बन-सीमाकर व्यवस्था 1 जानेवारी 2026 पासून अंमलात आल्याने पोलाद व सिमेंट निर्यातदारांना उत्सर्जनाची किंमत मोजणे टळणार नाही. तेव्हा अनुदान द्यावयाचे तर ते आधी सिमेंटसारख्या पर्यायहीन उद्योगांना द्यावे आणि यंत्रसामग्रीच्या खरेदीवर न देता प्रत्यक्ष साठविलेल्या प्रत्येक टनावर द्यावे. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात महाऔष्णिक केंद्र आणि सिमेंटचे कारखाने शेजारी आहेत. तेथे हा अग्रक्रम विशेष काटेकोरपणे पाळावा लागेल. जुन्या औष्णिक संचांचे आयुष्य वाढविण्यासाठी हा पैसा वळविला गेला, तर घटलेल्या विजेची आणि वाढलेल्या कोळशाची किंमत अखेर सामान्य ग्राहकाच्या वीजबिलातूनच वसूल होईल.