समुद्र तल आणि समुद्रतळ



नववीच्या घटक चाचणीचे भूगोलाचे पेपर या वेळी मी तपासले, कारण आपल्या भूगोलाच्या शिक्षिका रजेवर होत्या. त्यात एक प्रश्न होता : ध्रुवांवरचा बर्फ वितळून समुद्राची पातळी कशी वाढते? जवळजवळ सगळ्या वर्गाचे उत्तर एकच होते. हवा तापते, बर्फ वितळतो, पाणी समुद्रात येते, पातळी वाढते. मी सर्वांना पूर्ण गुण दिले.

एका मुलीने मात्र लिहिले होते की समुद्रतळावर टेकलेला बर्फ समुद्राच्या गरम पाण्याने खालून वितळतो. उत्तर हिंदीत आणि त्यात ठसठशीत मराठी ‘ळ’. मला वाटले, झाला नेहमीचा गोंधळ. आपल्या इंदूरच्या मुलांची पुस्तके हिंदीत आणि घरची बोली मराठी. हिंदीत ‘समुद्र तल’ म्हणजे समुद्राची पातळी. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या फलकावर असते ते. मराठीत ‘समुद्रतळ’ म्हणजे समुद्राचा तळ. मी स्वतः हिंदी माध्यमातून बी.एस्सी. केलेली असल्याने या खड्ड्यात अनेकदा पडले आहे. मी लाल रेघ मारली आणि दोन गुण कापले.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली आणि म्हणाली, “मॅडम, मी बरोबरच लिहिलंय. आजोबांबरोबर टीव्हीवर पाहिलं होतं.” मी तिला “बघते” म्हणून परत पाठवले. मग त्या रविवारी बसून वाचले. मुलगी बरोबर होती. बाकीच्यांची उत्तरे खोटी नव्हती, पण अर्धी होती, आणि ती तशी असण्याचा दोष माझा आहे. वीस-बावीस वर्षे मी हेच शिकवत आले.

अंटार्क्टिकाच्या पश्चिम भागातला बर्फ पुष्कळ ठिकाणी समुद्राच्या पातळीपेक्षा खोल असलेल्या जमिनीवर टेकलेला आहे. तिथली थ्वेट्स ही हिमनदी क्षेत्रफळाने साधारण आपल्या गुजरातएवढी आहे आणि तिचे समुद्राकडचे तोंड सुमारे १२० कि.मी. रुंद आहे. तिच्याखालची जमीन आतल्या बाजूला आणखी खोल होत जाते. म्हणजे बर्फाची टेकण जितकी मागे सरकेल तितकी ती अधिक खोल पाण्यात आणि अधिक जाड बर्फापाशी जाईल. अशा बर्फाला तापमानवाढीचा धोका आहे हे जॉन मर्सर या शास्त्रज्ञाने १९७८ सालीच लिहून ठेवले होते.

आता पाणी. या हिमनदीपर्यंत खोलातून जे ‘गरम’ पाणी पोहोचते त्याचे तापमान असते साधारण १ अंश सेल्सियस. आपल्या माठातले पाणीसुद्धा त्यापुढे कढत म्हणावे लागेल. पण समुद्राचे खारे पाणी पृष्ठभागावर उणे १.९ अंशाला गोठते, आणि खोलवर दाब वाढल्यामुळे बर्फ त्याहूनही कमी तापमानाला वितळू लागतो. त्यामुळे हे एक अंशाचे पाणी तिथल्या बर्फाला तीन अंशांहून अधिक गरम लागते. गरम पाणी वर आणि थंड खाली असे आपण शिकवतो, मग हे खाली कसे? तर मिठामुळे. ते अधिक खारट, म्हणून जड. वर कमी खारट, थंड पाण्याचा थर असतो. वरून पाहणाऱ्याला सगळे गारठलेले दिसते आणि खाली काम चालू असते.

आणखी एक गोष्ट मुलांच्या उत्तरात नव्हती. तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी जवळजवळ वाढत नाही. पेल्यात बर्फाचे खडे टाकून काठोकाठ पाणी भरा. बर्फ विरघळला तरी पाणी सांडत नाही. मग हिमनदीचा समुद्रावर तरंगणारा भाग खालून झिजला तर बिघडते काय? धान्याच्या पोत्याचे तोंड मुठीत धरलेले असते, तसा हा भाग मागच्या बर्फाला धरून ठेवतो. मूठ सैल झाली की मागचा बर्फ वेगाने समुद्रात उतरतो, आणि पातळी त्याने वाढते.

याचा दाखला ग्रीनलंडच्या याकोबशावन हिमनदीत मिळतो, आणि मला तो सर्वांत पटला. १९९७ च्या सुमारास तिथल्या किनाऱ्याशी खोलातले गरम पाणी आले. हे कळले कशावरून? कोळंबी आणि मासळीच्या पाहणीसाठी जाळी टाकताना समुद्रतळाचे तापमान मोजले जात होते, त्या नोंदींवरून! पुढच्या काही वर्षांत हिमनदीचा तरंगता भाग मोडला. १९९२ मध्ये वर्षाला साडेपाच-सहा कि.मी. सरकणारी ही नदी २००३ मध्ये वर्षाला साडेबारा कि.मी. सरकू लागली. मग २०१६ पासून काही वर्षे तिथे थंड पाणी आले, तर ती मंदावली आणि तिचे तोंड पुन्हा जाड होऊ लागले. पाण्याचा हात याहून स्पष्ट कसा दिसणार?

गेल्या पालक सभेत एका पालकांनी विचारले होते, “मॅडम, आपण साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो. आपल्या मुलांना याचा काय उपयोग?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर देते. आपल्यापैकी किती घरांची मामा-मावशीची घरे मुंबईत आणि कोकणात आहेत, हे एक उत्तर झाले. पण मुख्य उत्तर वेगळे आहे. मानवाने वाढवलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रात गेली आहे. आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचा, आपल्या विजेचा त्यात वाटा आहे, आणि गाड्यांच्या धुराला साडेपाचशे मीटर उंचीची सूट नसते. १९९३ पासून समुद्राची सरासरी पातळी सुमारे १० सेंटिमीटर वाढली. त्यात पाणी तापून फुगल्याचाही मोठा भाग आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीने २०२१ मध्ये सांगितले की उत्सर्जन झपाट्याने घटवले तर २१०० पर्यंत २८ ते ५५ सेंटिमीटर वाढ होईल, आणि ते वाढतच राहिले तर ६३ ते १०१. बर्फाच्या थरांचे गणित बिघडले तर याहून जास्त वाढही नाकारता येत नाही, असेही त्यांनी नोंदवले.

याच्या उलट टोकाला व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ आहेत, त्यात मुंबई दर सहा महिन्यांनी बुडते. थ्वेट्स संपूर्ण वितळली तर जगाची पातळी सुमारे ६५ सेंटिमीटर वाढेल हे खरे, पण त्याला शतके लागू शकतात. २०२० च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी तिच्या तरंगत्या भागाला गरम पाण्याच्या झोताने सुमारे ६०० मीटरचे भोक पाडून आइसफिन नावाचे यंत्र खाली सोडले. २०२३ मध्ये निष्कर्ष आले : सपाट तळाशी वितळणे अपेक्षेपेक्षा मंद, पण भेगांमध्ये आणि पायऱ्यांसारख्या कडांपाशी फार वेगवान. मुलांना भीतीही दाखवू नये आणि थापटून झोपवूही नये. जे मोजले ते सांगावे.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती. या सत्रात जिन्याच्या भिंतीवर पर्यावरणाची रंगीत चित्रे लावण्यासाठी रक्कम मंजूर झाली आहे. चित्रे सुंदर आहेत. पांढरे अस्वल आहे, रडणारी पृथ्वीही आहे. पण त्या अस्वलाखालचा बर्फ तरंगता आहे, आणि मुले त्यावरून पुन्हा तेच अर्धे उत्तर शिकतील. ती रक्कम प्रयोगशाळेला द्यावी. उंच काचपात्रे आणि चांगले थर्मामीटर एवढेच हवे आहे. बर्फाची कांडी कुल्फीच्या साच्यात होते. शाळेच्या फ्रिजमध्ये मी करून पाहिली. तळाशी रंग घातलेले कोमट खारट पाणी, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडलेले थंड साधे पाणी, आणि मध्ये उभी धरलेली कांडी. ती आधी कुठे झिजते ते मुलांनी डोळ्यांनी पाहावे.

त्या मुलीचे दोन गुण मी परत दिले, वर्गासमोर. इतरांचे कापलेले नाहीत. वार्षिक परीक्षेत हाच प्रश्न पाच गुणांना येणार आहे, आणि नुसते ‘हवा तापते’ लिहिणाऱ्याला त्यात एकच गुण मिळेल.